उसन्या खुर्च्या, बंद टीव्ही

परवा संस्थेतून फोन आला. मी ड्युटी संपवून नुकतंच घरात पाऊल टाकलं होतं, खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. संस्थेचा मोठा कार्यक्रम आहे, केंद्रात वाढलेल्या मुलांपैकी निवडक जणांना स्टेजवर बोलवायचं ठरलंय, तुम्ही आज स्वतःच्या पायावर उभ्या आहात तेव्हा तुमचा प्रवास सांगायला या, असं ती म्हणाली. मी एसटीत कंडक्टर आहे. माझा प्रवास तुळजापूर ते उमरगा आणि परत तुळजापूर, त्यात सांगण्यासारखं काही नाही, असं मी तिला सांगितलं. ती मनापासून हसली. तसला नाही हो ताई, मनातलं काहीतरी बोला, म्हणाली.

मनातलं बोला म्हणणारी माणसं मला नवी नाहीत. लहानपणी दर शनिवारी आमच्या हातात कागद आणि रंगीत खडू देऊन आमच्या मनातलं बाहेर काढलं जायचं. तुमचं घर काढा, असं केंद्रातल्या ताई सांगायच्या. घर काढलं की सूर्य का हसत नाही, आई एवढीशी का काढलीस, बाबा कुठं आहेत, अशी चौकशी सुरू व्हायची. बाबा हैदराबादला होते आणि हैदराबाद कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते काढलं नव्हतं. हे ऐकून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा कागद भिंतीवर लागला. बाबा काढले नाहीत की चित्र भिंतीवर लागतं, एवढं मला त्या दिवशी समजलं. पुढं वर्षभर मी बाबांना हात लावला नाही.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून. केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या गोदामातल्या दोन खोल्या. एका खोलीत शाळा सुटल्यावर आम्ही पोरं बसायचो, दुसरीत आमच्या आया. ज्यांचा बाप मेलाय, पळालाय किंवा पिऊन पडलेला असतो, अशी ही पोरं. संस्थेच्या भाषेत आम्ही जोखमीतली कुटुंबं होतो. गावातल्या बायका लग्नाला निघाल्या की अंगावर जोखीम आहे म्हणून पदर आवरून घ्यायच्या, त्यामुळं मला कितीतरी दिवस वाटायचं, की आम्ही सोन्यानाण्यासारखे काहीतरी असणार आणि म्हणून शहरातून लोक आम्हाला बघायला गाडी करून येतात.

आणि ते यायचेच. ते येणार असले की केंद्राचे सर आदल्या दिवशी सगळ्यांना सूचना द्यायचे. रोजचेच कपडे घालून या. केसांना तेल चोपडू नका. पावडर नको. ज्या पोरीनं नवी रिबीन लावली असेल तिला मागच्या ओळीत बसवायचे. आम्ही हातात हात घालून आशेचं एक गाणं म्हणायचो, पाहुणे टाळ्या वाजवायचे, मग आम्ही केलेली कागदी फुलं त्यांच्या हातात द्यायची. ती फुलं त्यांनी गाडीत बसताना सरांकडं परत दिली, की सर ती पुढच्या पाहुण्यांसाठी पिशवीत घालून ठेवायचे. मी एकच पिवळं फूल तीन वेगवेगळ्या लोकांना भेट दिलेलं आहे, आणि तिघांनीही ते घेताना माझ्या डोक्यावरून सारखाच हात फिरवला.

आयांच्या खोलीत बाहुल्या व्हायच्या. चिंध्यांची बाई, नऊवारी नेसलेली, डोक्यावर घागर, कडेवर पोर, मान खाली. असली बाई आमच्या गावात मी तरी बघितली नव्हती. आमच्याकडच्या बायका गाऊनवर टॉवेल टाकून सायकलच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या घागरी अडकवायच्या आणि पाण्याच्या टाकीपाशी मोठ्यानं भांडायच्या. एकदा आईनं कंटाळून एका बाहुलीच्या हातात घागरीऐवजी पर्स दिली आणि तिची मान वर ठेवली. ती बाहुली शहरातून परत आली. घागर लावा, मान खाली करा, लोकांना तेच आवडतं, असा सरांनी निरोप सांगितला. आई पर्स उसवत म्हणाली, "त्यांच्या घरात नळ हाय म्हणून आवडतंय."

तरी खोटं कशाला बोलू, मला केंद्र आवडायचं. तिथं चांगल्या धारेच्या कात्र्या होत्या, खिचडीत बुधवारी अंडं असायचं, आणि अभ्यासाला ट्यूबलाइट होती. आईला तर त्या बाहुल्यांचा फार आधार होता. बाबा धाब्यावर स्वयंपाकी होते. एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं हैदराबादला गेले आणि तिकडंच राहिले. त्यांच्यामागं आई त्याच धाब्यावर रात्री भांडी घासायला जायची, आणि मी शेजारच्या चाचींच्या घरात झोपायचे. मग माकणीचा मामा येऊ लागला. पोरगी मोठी व्हायलीय, रात्रीचं असं ठेवणं बरं न्हाय, तिला माझ्याकडं दे, असं तो दर खेपेला म्हणायचा. मामीला तेव्हा दोन लहान लेकरं होती आणि तिला घरात बिनपगारी हात हवा होता, हे मामा सोडून सगळ्यांना दिसत होतं. केंद्र आलं, बाहुल्या आल्या, आईनं रात्रीचा धाबा सोडला आणि मामाला परत पाठवलं. पण तो पुन्हा येणारच होता. म्हणजे केंद्रात आमचं नाव आहे तोवर मी आईजवळ, नाव गेलं की मी माकणीला. ही गोष्ट मला रोज झोपताना आठवायची आणि मी आईचा पदर बोटाला गुंडाळून झोपायचे.

मी पाचवीत असताना एक दिवस सरांनी सगळ्या आयांना जमवलं. यंदा कुटुंबं कमी करायची आहेत, म्हणाले. शहरातून संस्थेच्या मोठ्या बाई स्वतः येणार, देणगी देणारे एक पाहुणे बरोबर असणार, ते प्रत्येक घरी जाऊन पाहणी करणार आणि कुणाला ठेवायचं ते ठरवणार. घर जसं आहे तसंच ठेवा, काही करू नका, असं त्यांनी दोनदा बजावून सांगितलं.

आता आमच्या भागात काही करू नका, असं पाहुणा म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे कुणालाही विचारा. पाहुणा म्हणतो काही करू नका, आणि यजमान खाली मान घालून कढई चढवतो. न केलं तर तो पाहुणा तोंडानं काही बोलणार नाही, पण जन्मभर लक्षात ठेवील. सरांचं बोलणं आईनं असंच घेतलं. साहेबलोक चांगले आहेत, आपल्याला त्रास होऊ नये म्हणून सांगतात, असं ती घरी येऊन चाचींना म्हणाली.

दुसरी गोष्ट अशी, की बाहेरची माणसं घर बघायला येतात आणि बघून कुणाला घ्यायचं ते ठरवतात, असा एकच प्रसंग आमच्या गल्लीला माहीत होता. मुलगी बघायचा. त्या प्रसंगी काय करायचं ते मात्र गल्लीला पक्कं पाठ होतं. ज्याच्या घरी पाहुणे येणार त्याच्या घरात सगळ्यांच्या खुर्च्या जातात, सगळ्यांचे कप जातात, आणि पाहुण्यांसमोर शेजारीपाजारी सहज आल्यासारखं दाखवून त्या घराचं चार शब्द चांगलं बोलतात. कुणी आपल्या वस्तूकडं बोट दाखवत नाही. पुढं ज्याचं त्याचं त्याला परत मिळतं. असं करून आमच्या गल्लीतल्या किती पोरी चांगल्या घरी पडल्या होत्या. तेव्हा हेही तसंच जमवून आणू, असं सगळ्यांनी मनावर घेतलं.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून आमच्या घरात सामान येत होतं. चाचींनी चार प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलफॅन आणि मखमली चादर आणली. समोरच्या किराणा दुकानाच्या काकूंनी फुलाफुलांचे काचेचे कप, स्टीलच्या डब्यांची उतरंड आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकूंच्या घरात मागं पोट सुटलेला एक टीव्ही महिनोन्‌ महिने बंद पडून होता. तो दुरुस्तीला न्यायला कुणाला सवड नव्हती. कोपरा मोकळा दिसतोय, म्हणून काकांनी तोही उचलून आणला आणि त्यावर विणलेला रुमाल घातला. आईनं चुरमुरे भिजवले, त्यांच्या फोडणीच्या सुशीलासाठी मिरच्या चिरल्या, मला न्हाऊ घातलं, दिवाळीचा गुलाबी फ्रॉक घातला, तेल लावून दोन वेण्या घातल्या. मी त्या खोलीकडं बघत उभी राहिले. आमचं घर इतकं चांगलं दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि आता माकणीला जावं लागणार नाही अशी माझी खात्री झाली.

मोठ्या बाई आल्या, देणगीवाले गृहस्थ आले, त्यांच्यामागं फोटोवाला आणि सगळ्यात शेवटी सर. सर उंबऱ्यातच थबकले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं त्यांच्या पायाखाली काहीतरी आलं. बाई खुर्चीवर बसल्या, टेबलफॅनची हवा त्यांच्या तोंडावर आली, आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खादीची साडी, कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात गोंड्यांची माळ, म्हणजे गरिबांच्या घरी जाताना घालायचा पोशाख त्यांनी बरोबर निवडला होता. नीट आवरून बसलेलं घर पाहून त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. पण जेवायला बसल्यावर ताटात नावडती भाजी यावी तसं त्यांचं तोंड झालं होतं.

फोटोवाला एकदा या कोपऱ्यात जाऊन बसायचा, एकदा त्या. कुठूनही बघितलं तरी त्याला हवं ते दिसेना. गृहस्थांनी सुशीलाची बशी हातात घेतली, एक चमचा खाल्ला, बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी बशी खाली ठेवली. मग बाईंनी आईला विचारलं, की टीव्ही कधी घेतला. आई काही बोलायच्या आत दारात उभ्या असलेल्या चाची पुढं झाल्या. मुलगी बघायला आलेल्यांसमोर बोलायचं तशा ठसक्यात त्या म्हणाल्या, "लई दिवस झाले. आमी समदी गल्ली इथंच बघायला येतो. दिलाची मोठी बाई हाय ही, कुनाला न्हाय म्हणत न्हाय."

आईनं लाजून मान खाली घातली. चाचींनी आपल्यासाठी किती चांगला शब्द टाकला, असंच तिला वाटत होतं. तेवढ्यात गृहस्थ बाईंशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि दोघं उठले. आईनं हातात दिलेला चहा बाईंनी ओठाला लावून कप खाली ठेवला. फोटो एकही काढला नाही. गाडी गेल्यावर काकू, चाची, आई तिघी जणी अंगणात उभ्या राहून बोलत होत्या, की पाहुणे माणसं चांगली होती, बोलली कमी, पण मोठी माणसं कमीच बोलतात.

दिवेलागणीला सर आले. तोवर ज्याचं त्याचं सामान परत गेलं होतं आणि आमची खोली पुन्हा आमची झाली होती. सर पोत्यावर बसले. तुमची परिस्थिती सुधारलेली दिसली, त्यामुळं बाईंनी तुमचं नाव कमी करायला सांगितलंय, म्हणाले. आईला आधी कळेचना. सुधारलेली म्हणजे काय, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी रडत सरांना सांगितलं, की टीव्ही काकूंचा आहे, तो लागतसुद्धा नाही, खुर्च्या चाचींच्या आहेत. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "माहीत आहे मला. पण बाईंनी डोळ्यांनी बघितलंय, आता मी काय बोलू?"

माहीत होतं त्यांना. हे मी आजवर विसरले नाही. दोन वर्षं हा माणूस आमच्याकडं येत होता, आमच्या कान तुटलेल्या कपातून चहा पीत होता. सकाळी उंबऱ्यातल्या उंबऱ्यात तो एक वाक्य बोलला असता तरी भागलं असतं. पण मोठ्या माणसांपुढं तोंड उघडायचं नाही, हेच सरांच्या नोकरीतलं खरं काम होतं आणि ते काम ते चोख करत होते. बरं, मनानं वाईट म्हणावं तर तसेही नव्हते. वाईट माणूस परवडला, त्याला शिव्या तरी देता येतात. सरांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि एक वाट काढली. बाई आज नळदुर्गला मुक्कामाला आहेत, उद्या सकाळी किल्ला बघून जाणार आहेत. किल्ल्याआधी त्यांना पुन्हा एकदा इकडं आणतो. शेजाऱ्यांच्या घरी रंगकाम चालू होतं म्हणून त्यांचं सामान तुमच्याकडं ठेवलं होतं, चाची बोलल्या ती थट्टा होती, असं सांगतो. खरं सांगितलं तर त्यांना पटायचं नाही.

खरं काय होतं? पाहुण्याचा मान राखावा म्हणून एका बाईनं गल्लीभर हात पसरून खुर्ची मिळवली, एवढंच. पण हे त्या शिकलेल्या बाईंना पटणार नव्हतं आणि रंगकामाची थाप पटणार होती.

सर मग आईला काय काय करायचं ते समजावू लागले. फ्रॉक जुना घाला. तेल धुऊन टाका. बसायला पोतंच टाका. आणि काही खायला प्यायला देऊ नका. आई इतका वेळ सगळ्याला मान हलवत होती, तिथं थांबली.

"पावण्याला च्या बी द्यायचा न्हाय?"

"नाही," सर म्हणाले. "दूध कुठून आलं म्हणून विचारतील."

आईनं माझ्याकडं बघितलं. माझे हुंदके अजून थांबले नव्हते. तिनं विचार केला की नाही मला माहीत नाही, कारण तिला फार वेळ लागला नाही. बरं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं पुन्हा सामान वाहिलं, पण या वेळी उलट्या दिशेनं. आमच्याच घरातलं, आमचंच. पत्र्याची पेटी चाचींकडं गेली, सहा ताटं आणि गॅसची शेगडी काकूंकडं गेली. भिंतीवरचा आरसा गेला. आईनं गॅससाठी किती जणांचे उंबरे झिजवले होते, आणि आज ती तो पदराखाली झाकून चोरीचा माल असल्यासारखा दुसऱ्याच्या घरात ठेवून आली. तिच्या लग्नातली पितळेची घागर ती उचलून निघाली, तेव्हा सर म्हणाले, घागर राहू द्या. घागर चांगली दिसते. मग त्यांनी स्वतः ती घागर उचलून जिथं दारातून उजेड पडतो तिथं ठेवली.

बाई आल्या. या वेळी त्यांनी खुर्ची शोधली नाही, त्या थेट पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि केवढ्या खुलल्या. हेच मला बघायचं होतं, असं बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या. आईचा हात हातात घेतला. नवरा कधी गेला, रात्री भीती वाटते का, पोरीला पोटभर मिळतं का, एकेक प्रश्न विचारत गेल्या. आदल्या दिवशी आम्ही त्यांना पोटभर द्यायला बसलो होतो, तेव्हा यातला एकही प्रश्न त्यांना सुचला नव्हता. आई मान खाली घालून उत्तरं देत होती. मी भुरभुरत्या केसांनी, खांद्यावर उसवलेल्या फ्रॉकमध्ये तिच्या मांडीला चिकटून बसले होते, शेजारी घागर होती. फोटोवाल्याला आता कोपरे शोधावे लागले नाहीत. आई आणि तिच्या हातची बाहुली यांच्यात त्या घडीला काही फरक राहिला नव्हता. मला तेव्हाच इतका राग आला होता, की मी फोटोवाल्याकडं डोळे वटारून बघितलं. तो म्हणाला, हे डोळे फार बोलके आहेत.

बाई उठल्या. घरातून कुणी उठलं की आईच्या तोंडून आपोआप शब्द निघायचे, बसा की, च्या टाकते. वीजबिलवाला असो, मामा असो, कुणीही असो. तसे ते आताही निघाले. बसा की, एवढं ती बोलली, आणि पुढचं बोलायच्या आत सरांनी तिच्याकडं बघितलं. तिनं तोंड मिटलं. बाई आपल्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायल्या आणि गेल्या. आमच्या घरातून कुणी पाण्याच्या घोटाशिवाय गेलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. चाचींनी त्या वेळी आपलं दार लावून घेतलं होतं. हे माझ्याच्यानं बघवायचं न्हाय, असं त्या आधीच सांगून गेल्या होत्या.

नाव राहिलं. मामा पुढच्या महिन्यात आला आणि एकटाच माकणीला परतला. मी आईजवळ राहिले, शिकले, आज सरकारी बिल्ला लावून गाडीत उभी असते आणि बायकांना अर्धं तिकीट देताना कुरकुरणाऱ्या भल्याभल्यांना सुनावते. संस्थेचे माझ्यावर उपकार नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांनी खिचडी दिली, ट्यूबलाइट दिली, बाहुल्यांचं काम दिलं. फक्त ते देण्याआधी आमच्याकडं जे थोडं होतं ते लपवायला लावलं, आणि त्याला पाहणी असं नाव दिलं. आईनं त्या दिवशी पेटी आणि शेगडी परत आणली, जागच्या जागी ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या दारात गेली नाही. बाहुल्या ती पुढं बरीच वर्षं करत होती. पण त्यांचे चेहरे मात्र शेवटी दोऱ्यानं भरायची आणि भरताना कुणाशी बोलायची नाही.

तर परवा फोनवरची ती मुलगी बोलता बोलता म्हणाली, की तुमचा आणि तुमच्या आईंचा एक फार सुंदर जुना फोटो आमच्याकडं आहे. आम्ही तो अजूनही वापरतो. तुम्ही बोलत असताना मागच्या पडद्यावर तोच लावणार आहोत. मी फोन स्पीकरवर टाकला होता. आई पलंगावर बसून मालिका बघत होती. तिनं आवाज कमी केला आणि मला हातानं खूण करून विचारायला लावलं, की मोठ्या बाई कार्यक्रमाला येणार आहेत का.

येणार होत्या. आता फार वय झालंय, पण यायचं म्हणतात, असं मुलगी म्हणाली. आईनं मला आपला निरोप सांगितला आणि मी तो जसाच्या तसा पुढं दिला. फोटो लावायचा तर लावा, पोरगी भाषणाला येईल, पण त्याआधी बाईंनी आमच्या घरी यायचं आणि चहा घेऊन जायचं. गाव तेच आहे, गल्ली तीच आहे, घर आता पक्कं बांधलंय, त्यांना पोत्यावर बसावं लागणार नाही.

मुलीनं आधी वेळेचं कारण काढलं. बाईंचा दौरा आखलेला आहे, वेळ फार थोडा आहे, असं म्हणाली. मग तिला खरं कारण सापडलं. "आणि ताई, घरभेटी फक्त गरजू कुटुंबांच्याच असतात ना."

माझ्या तोंडात फार काही आलं होतं. बसमध्ये असते तर बोलले असते. मी एवढंच म्हटलं, की मग बाईंना सांगा, आदल्या दिवशी तेवढं कळवा, आम्ही घर रिकामं करून ठेवतो. चाची अजून शेजारीच राहतात. मुलगी म्हणाली, कळलं नाही ताई. मी म्हटलं, कळणार नाही, आणि मी काही येत नाही. फोन ठेवला.

आई भिंतीजवळच्या खुर्च्यांकडं बघत होती, मग शोकेसमधल्या कपांकडं, मग फ्रिजकडं. एकेक करत सगळीकडं तिची नजर फिरली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असणार, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा करत म्हणाली, "आता लई सामान झालंय गं. चाचीच्या घरात मावायचं न्हाय."